वाचकांचे प्रश्न : पावती आहे, पण पोच कुठे आहे?

प्रश्न : मी एका विक्री-संकेतस्थळावर जुने कॅमेरे आणि त्यांचे सुटे भाग विकते. गेल्या महिन्यात पाठवलेल्या एका लेन्सच्या ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद दिसत असूनही ग्राहकाने वस्तू मिळाली नसल्याची तक्रार दाखल केली आणि संकेतस्थळाने माझी रक्कम अडवून ठेवली. कुरिअरची पावती माझ्याकडे आहे. मी तसे कळवताच ग्राहकाने बँकेकडे जाण्याची भाषा सुरू केली. तो खोटे बोलत आहे हे मी कसे सिद्ध करावे?

उत्तर : ते सिद्ध करण्याच्या फंदात आपण पडू नये, कारण दूर बसलेल्या माणसाच्या मनातला हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते आणि निर्णय देणारा कर्मचारी तो तपासतही नाही. त्याच्यासमोर एकच प्रश्न असतो : वस्तू ठरलेल्या पत्त्यावर पोचल्याचा पुरावा विक्रेत्याकडे आहे का? आपल्या पत्रातली ‘पावती’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही. पावती वस्तू पाठवल्याची असते. आपल्याला हवी आहे ती पोच. पाठवले म्हणजे जबाबदारी संपली ही समजूत विक्रेत्यांमध्ये फार खोलवर रुजलेली आहे, परंतु ग्राहकांना केलेल्या विक्रीत ती सहसा टिकत नाही. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार वस्तू प्रत्यक्ष ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत ती हरवण्याची जोखीम विक्रेत्याची असते. वाहतुकीची व्यवस्था ग्राहकाने स्वतः केली असेल तरच याला अपवाद होतो. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवेच्या विक्रेता-संरक्षणातही (वादात विक्रेत्याची रक्कम राखणाऱ्या योजनेतही) ‘वस्तू मिळाली नाही’ या दाव्यासाठी पोचल्याचाच पुरावा मागितला जातो, आणि अमेरिकेतील व्यवहारांत रक्कम 750 डॉलर किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याची स्वाक्षरीही लागते.

तेव्हा आजच कुरिअर कंपनीला लेखी विचारणा करून डिलिव्हरीची वेळ, घेणाऱ्याचे नाव, स्वाक्षरी किंवा दारात काढलेले छायाचित्र आणि शक्य असल्यास त्या क्षणीच्या ठिकाणाची नोंद मागवून घ्यावी. ही माहिती हाती आल्यावर दोन गोष्टी ताडून पाहाव्यात. पहिली, पार्सलवरचा पत्ता आणि व्यवहाराच्या नोंदीतला पत्ता तंतोतंत जुळतो का. दुसरी, पार्सल कोणी घेतले. ग्राहक प्रामाणिक असूनही वस्तू त्याच्या हाती पडलेली नाही असे पुष्कळदा घडते : शेजाऱ्याने ठेवून घेतलेली असते, कार्यालयाच्या टपाल विभागात पडून असते, किंवा डिलिव्हरी करणाऱ्याने फेरी संपवण्याच्या घाईत नोंद आधी आणि वस्तू दुसऱ्या दिवशी दिलेली असते. म्हणूनच ग्राहकाला लिहिताना आरोपाचा सूर अजिबात नसावा. ‘नोंदीप्रमाणे पार्सल अमुक दिवशी अमुक वाजता पोचले असून तमुक नावाने स्वीकारले गेले आहे, कृपया घरी व शेजारी एकदा विचारून पाहावे, दरम्यान मी कुरिअरकडे चौकशी नोंदवली आहे’ एवढे पुरेसे आहे. हा मजकूर उद्या निर्णय देणाराही वाचणार आहे, याचे भान ठेवावे.

हा सगळा पत्रव्यवहार संकेतस्थळाच्या संदेश-पेटीतूनच करावा, कारण फोनवर किंवा अन्य ॲपवर झालेले बोलणे पुरावा म्हणून बहुधा धरले जात नाही. त्याहून मोठा धोका मुदतीचा आहे. ईबे या विक्री-संकेतस्थळावर अशी तक्रार आल्यावर विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे 3 दिवस मिळतात आणि त्यानंतर ग्राहक ईबेला मध्यस्थीची विनंती करू शकतो. पेपॅलवर ग्राहकाला पैसे दिल्यापासून 180 दिवसांपर्यंत वाद नोंदवता येतो, मात्र तो 20 दिवसांत दाव्यात रूपांतरित केला नाही, म्हणजे पेपॅलकडे निर्णय मागितला नाही, तर आपोआप बंद होतो. माझ्या पाहण्यात अशी अनेक प्रकरणे आहेत ज्यांत पुरावा भक्कम होता, पण विक्रेता ग्राहकाशी सौजन्याने बोलत राहिला आणि तेवढ्यात उत्तराची मुदत निघून गेली.

बँकेकडे जाण्याची धमकी म्हणजे चार्जबॅक, अर्थात कार्डाने भरलेली रक्कम ग्राहकाच्या बँकेमार्फत विक्रेत्याकडून परत काढून घेणे. व्हिसा या कार्ड-कंपनीच्या नियमांत ‘माल किंवा सेवा मिळाली नाही’ या कारणाला 13.1 हा क्रमांक असून वस्तू अपेक्षित होती त्या तारखेपासून साधारणपणे 120 दिवसांच्या आत असा वाद नोंदवावा लागतो. तेथेही पुरावा हाच असतो, फक्त तो आपल्या पेमेंट कंपनीमार्फत द्यावा लागतो. एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी : चार्जबॅक सुरू झाल्यानंतर ग्राहकाला घाबरून वेगळा परतावा पाठवू नये. बँकेने आधीच रक्कम काढून घेतलेली असेल तर आपण तीच रक्कम दुसऱ्यांदा द्याल आणि ती परत मिळवणे अवघड होईल. परतावा द्यायचाच ठरला, तर चार्जबॅक होण्यापूर्वी आणि मूळ व्यवहारावरूनच द्यावा.

प्रश्न : परदेशी पाठवलेल्या पार्सलचे ट्रॅकिंग तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकले आहे. ग्राहक परतावा मागतो आहे. टपाल खात्याकडून भरपाई मिळेपर्यंत त्याला थांबवता येईल का?

उत्तर : नाही. वाहतूकदाराशी असलेला आपला दावा आणि ग्राहकाचा आपल्यावरील दावा या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि पहिल्याच्या निकालासाठी दुसरा अडवून ठेवल्यास संकेतस्थळ आपल्या विरोधात निर्णय देईल. ट्रॅकिंगवर पोच दिसत नसेल तर अशा वादात आपली बाजू जवळपास उरतच नाही. सांगितलेली डिलिव्हरीची तारीख उलटली असेल, तर परतावा द्यावा किंवा ग्राहकाच्या लेखी संमतीने दुसरी वस्तू पाठवावी. संमती नसताना दुसरी वस्तू पाठवून मोकळे होणे महागात पडते, कारण वाद तसाच उभा राहतो आणि दोन्ही वस्तू जातात.

परतावा देण्यापूर्वी ट्रॅकिंग क्रमांक एकदा नीट तपासावा. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक 13 चिन्हांचा असतो : आरंभी दोन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. त्या नऊ अंकांतला शेवटचा अंक पडताळणीचा असल्यामुळे एखादा अंक चुकीचा उतरवला गेला तर क्रमांक सहसा स्वीकारलाच जात नाही. अडकलेल्या पार्सलचा तपास सहसा पाठवणाऱ्याच्या देशातील टपाल खात्यामार्फत सुरू करावा लागतो आणि जागतिक टपाल संघाच्या नियमांप्रमाणे पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत तो मागता येतो. अर्जासोबत पावती, वस्तूच्या किमतीचा पुरावा आणि ग्राहकाला परतावा दिल्याची नोंद जोडावी.

प्रश्न : ग्राहकाने पैसे भरल्यानंतर संदेश पाठवून वस्तू दुसऱ्याच पत्त्यावर मागवली आहे. पाठवावी का?

उत्तर : पाठवू नये. व्यवहाराच्या नोंदीत नसलेल्या पत्त्यावर वस्तू गेली की स्वाक्षरीसह पोच मिळाली तरी विक्रेता-संरक्षण मिळत नाही. ही ऑर्डर रद्द करून योग्य पत्त्यासह नव्याने नोंदवण्यास सांगावे; खऱ्या ग्राहकाला त्यासाठी दोन मिनिटे लागतात.