डिॲना डर्बिनचं जन्मसाल: १९२१ की १९२२?

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं. दिवाळी अंकासाठी हॉलिवूडची गायिका-नटी डिॲना डर्बिन हिच्यावर लिहिताय, जन्मसाल एकीकडे १९२१ दिसतंय, दुसरीकडे १९२२, कुठलं धरू? अहो, याच खड्ड्यात मी पडून आलोय.

१९२१च धरा. ४ डिसेंबर, कॅनडातलं विनिपेग. १९२२ हा युनिव्हर्सल स्टुडिओच्या प्रसिद्धीखात्याचा उद्योग. पोरगी जितकी लहान, तितकं गाण्याचं कौतुक जास्त. मी एका जुन्या कात्रणावर भरवसा ठेवून १९२२ धरलं आणि वर अख्खा लेख ‘चौदा वर्षांची पोर बुडत्या युनिव्हर्सलला तारते’ या वाक्यावर उभा केला. युनिव्हर्सलला तारणारा तिचा चित्रपट ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’ आला डिसेंबर १९३६मध्ये. तेव्हा बाईंना पंधरा पूर्ण झाली होती!

शंका आली नव्हती असं नाही. एका सरकारी दप्तराला (नाव घेत नाही) रीतसर फी भरून पत्र पाठवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, नातेवाईक असल्याचा पुरावा जोडा. विनिपेगच्या बाईचा मी मुलुंडचा माणूस कोण लागणार? तोवर अंक बाजारात गेला होता. पहिलंच पोस्टकार्ड नागपूरहून: ‘वय बाईंनी चोरलं की आपण?’ दुरुस्ती छापली पुढच्या वर्षी, पाककृतींच्या पानाखाली.

आता एक आगाऊ सल्ला. मी सिनेअभ्यासक नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा पटलं तर घ्या. ‘विजनवास’, ‘शोकांतिका’ हे शब्द लेखात येऊ देऊ नका. शेवटचा चित्रपट १९४८चा, म्हणजे वय सव्वीस. १९५०मध्ये दिग्दर्शक शार्ल डाव्हीदशी तिसरं लग्न आणि मग पॅरिसजवळच्या एका गावात मुक्काम, थेट २०१३मधल्या मृत्यूपर्यंत. मध्ये १९८३मध्ये चित्रपट-इतिहासकार डेव्हिड शिपमन यांना एक मुलाखत दिली, तेवढीच. आपल्याकडे नटीनं काम सोडलं की लगेच तिला ‘उपेक्षित’ करून टाकतात. हिनं दार आतून लावून घेतलं होतं, फरक आहे.

आणि हो, शोधताना ‘एडना मे डर्बिन’ हे मूळ नावही टाकून बघा.

सुरुवात कुठून करावी असं विचारलंत, तर सत्यजित राय यांच्यापासून करा. १९९२मध्ये ऑस्करच्या वेळी रुग्णालयातून बोलताना त्यांनी सांगितलं होतं, शाळकरी वयात डर्बिनला पत्र लिहिलं आणि तिचं उत्तर आलं. दुसरी नटी जिंजर रॉजर्स, तिचं आलं नाही. कलकत्त्याच्या पोराला तिनं उत्तर दिलं. मी त्या दप्तराला फी परत मागणारी तीन पत्रं घातली, अजून वाट बघतोय.