हलशीला अख्खा दिवस दे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. यंदा सहलीची जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून आनंद झाला. शाळेच्या वर्षात इतकं मोलाचं काम क्वचितच वाट्याला येतं.

शाळेत दोन मतं पडलीत म्हणतोस. निम्म्या शिक्षकांना तीन दिवसांत बदामी, विजयपूर, हंपी करायचं आहे. तुझ्या मनात आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, जुन्या देवळाची हलशी आहे. पण ‘हलशी काय, इथंच तर आहे, पोरं कधीही बघतील’ असं कुणी म्हटलं आणि तू गप्प बसलास. गप्प बसू नकोस. खानापूर तालुक्यात जन्म गेलेल्या किती माणसांनी हलशी बघितली आहे, ते गावात चार घरी विचार आणि मग बैठकीत बोल.

माझं मत सरळ आहे. सहावी-सातवीच्या मुलांना एका वेळी एकच जागा दाखवावी, ती जवळची असावी आणि सकाळी उतरलेल्या मुलांनी संध्याकाळीच परत बसमध्ये चढावं.

लांबच्या सहलीत काय होतं ते तू विद्यार्थी असताना अनुभवलंस. पहाटे चारला निघायचं, उलट्या सांभाळायच्या, उतरलं की रांग लावायची. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा इ. स. 578 चा शिलालेख आहे, वर छतापर्यंत नजर खिळवणारं कोरीवकाम आहे. पण मूल मान वर करतं तोवर मागून दुसऱ्या शाळेची रांग ढकलायला लागते. गोलघुमटात आरोळी ठोकल्याची आठवण तेवढी राहते. त्या जागा थोर आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. मुलं हायस्कुलात गेली, त्यांना थांबून बघायची सवय लागली की जरूर न्यावं. आत्ता नको.

शिवाय पैशाचा प्रश्न आहे आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. तीन दिवसांच्या सहलीची वर्गणी फळ्यावर लिहिली की वर्गाकडे नीट बघ. काही हात झटकन वर येतात. काही मुलं खाली बघतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात, ‘आजी आजारी आहे सर’, ‘मामाकडं लग्न आहे’. ज्यांचे आईबाप सुगीत दुसऱ्याच्या भातावर राबतात, ऊसतोडीला जातात, ती हीच मुलं. सहल परत आली की आठवडाभर वर्गात तिच्याच गप्पा चालतात आणि ही मुलं त्या गप्पांच्या कडेला बसून राहतात. हलशीला बसभाड्यापलीकडे खर्च नाही. डबा घरचा. ज्याला भाडंही जमत नाही त्याचं गावातल्या कुणाकडून तरी गुपचूप भरून घे, मुलाला कळू देऊ नकोस. एकही मूल मागं राहता कामा नये, हे पहिलं कलम ठेव. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता हलशीबद्दल. तिथलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्यात दोन गाभारे आहेत आणि ते समोरासमोर आहेत. एकीकडे बसलेला विष्णू, त्याच्या शेजारी नरसिंह. दुसरीकडे दातांवर पृथ्वी उचललेला पाच फुटी वराह. ही वराहमूर्ती तिसऱ्या विजयादित्यानं 1186-87 च्या सुमारास बसवली. मी मुलांना आत सोडायचे आणि काही सांगायचे नाही. एकदा एक मुलगा मधोमध उभा राहून नुसता वळत राहिला. इकडे तोंड, मग तिकडे तोंड. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘बाई, एकाला नमस्कार केला की दुसऱ्याकडं पाठ होतीया. मग ते लोक कसं करत होते?’’ या प्रश्नावर पाऊण तास गेला. कुणी म्हणालं, आडवं उभं राहायचं. कुणी म्हणालं, दोन पुजारी असतील. एका मुलीनं खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि किती माणसं एका वेळी उभी राहू शकतील याचा हिशेब मांडला. देवळात लोक येत होते, दाटी होत होती, रांग लागत होती, हे त्या मुलांनी स्वतः शोधून काढलं. मी वर्गात महिनाभर कदंब शिकवले असते तरी हे झालं नसतं.

त्यांना हेही सांग, पण डबे खाऊन झाल्यावर, सावलीत बसवून: याच गावाचं नाव पलाशिका होतं आणि त्याआधीच्या, बनवासी गावाच्या कदंबांची ती दुसरी राजधानी होती, म्हणजे देवळाच्याही सहा-सातशे वर्षं आधी. हलशीचे ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एकात काकुत्स्थवर्मा राजानं श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला शेत दिल्याची नोंद आहे, कारण त्यानं राजाचा जीव वाचवला होता. दुसऱ्यात मृगेशवर्म्यानं वारलेल्या वडिलांसाठी इथं जैन मंदिर बांधल्याचं लिहिलंय. रविवर्म्याच्या ताम्रपटात तर असं आहे की दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने यतींच्या जेवणाची सोय व्हावी. खानापूरचा पाऊस आपल्या मुलांना सांगायला नको. दीड हजार वर्षांपूर्वीही त्या पावसात साधू कुठं जाऊ शकत नव्हते आणि राजाला त्यांच्या अन्नाची काळजी होती, हे ऐकताना त्यांचे चेहरे बघ. राजा म्हणजे फक्त लढाई, ही पाठ्यपुस्तकातून झालेली समजूत तिथंच ढिली होते.

मुख्याध्यापक किंवा एसडीएमसीतलं (शाळेच्या समितीतलं) कुणी ‘अभ्यास बुडतो’ म्हणालं तर त्यांना एक गोष्ट सांग. अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यात 2011 साली एक मोठं कलासंग्रहालय उघडलं. सहलीसाठी इतक्या शाळांचे अर्ज आले की चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. संशोधकांनी याचा फायदा घेतला: ज्यांना संधी मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशा 123 शाळांतल्या जवळजवळ 11,000 मुलांची तुलना केली. सहलीला गेलेली मुलं नवं चित्र दाखवल्यावर जास्त बारकाईनं विचार करत होती, जुन्या काळातल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून बघत होती, वेगळं मत असणाऱ्याला जास्त समजून घेत होती. आणि हा फरक खेड्यातल्या व गरीब घरच्या मुलांमध्ये सगळ्यात ठळक होता. ती सहल काही तासांची होती, तीन दिवसांची नव्हे.

वेगळ्या मताच्या माणसाला समजून घेणं, ही गोष्ट आपल्या भागात किती लागते ते तुला माहीत आहे. आपली मुलं वाद ऐकतच मोठी होतात. कुठला गाव कुणाचा, कुठली पाटी कुठल्या भाषेत, कोण आधी आलं. आपल्या भाषेवर माझं प्रेम आहे आणि मराठी शाळा टिकली पाहिजे यासाठी मी आयुष्य घातलं. म्हणूनच सांगते, मुलांना या मातीतला खराखुरा इतिहास दाखव. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं 1204 साली बांधली. तिचे शिलालेख जुन्या कन्नडातले आहेत आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नंदगडला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिलं. तिथल्या वडाला नवसाचे लाकडी पाळणे टांगलेले असतात आणि नवस बोलणाऱ्या बाया मराठीही असतात, कन्नडही. हे सगळं आपलंच आहे, असं आपल्या मुलांना वाटलं पाहिजे.

म्हणून माझी एक आग्रहाची सूचना. तुमच्या शाळेच्या कंपाउंडला लागून कन्नड शाळा आहे. त्यांच्या सातवीला बरोबर घे. एकच बस, दोन शाळा. लोक बोलतील, दोन्हीकडचे बोलतील, बोलू देत. जोड्या लावताना एक मराठी मूल, एक कन्नड मूल अशी लाव. हलशीला फलक वाचायची वेळ आली की कन्नड शाळेचं मूल वाचून दाखवेल, आपलं मूल सांगेल की कुठली नक्षी, कुठली वेल त्यानं आपल्या आजोळच्या देवळात बघितली आहे. जेवणाच्या वेळी डबे आपोआप फिरतात. त्या शाळेच्या शिक्षकांशी आधी तू स्वतः जाऊन बोल, निरोप पाठवू नकोस.

पुढच्या वर्षांसाठी दोन-तीन जागा डोक्यात ठेव. कमल बसदीत मुलांना जमिनीवर उताणं झोपव आणि छतातल्या दगडी कमळाच्या पाकळ्या मोजायला लाव. 72 भरतात. तिन्ही काळांतले 24-24 तीर्थंकर, हे उत्तर त्यांना आकडा सापडल्यावरच सांग. कित्तूरला जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेव: दत्तक वारस नाकारण्यावरून राणी चन्नम्मा कंपनीशी लढली ते 1824 साली, ते धोरण ज्याच्या नावावर शिकवतात तो डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन यायच्या 24 वर्षं आधी. हे मुलांनाच तारखा मांडून शोधू दे. बेळगावात टिळकवाडीला काँग्रेस विहीर आहे, 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनात.

आणि तुझी ती चिकोडीकडे शिकवणारी मैत्रीण, तिला खिद्रापूर सुचव. कोपेश्वराचा स्वर्गमंडप, 48 खांब, मधोमध छत गोल उघडं आणि खाली तशीच गोल शिळा. सूर्य माथ्यावर येईपर्यंत तिथं मुलांना थांबवलं तर उजेडाचं वर्तुळ शिळेकडे सरकताना दिसतं. त्या देवळात नंदी नाही. लोक सांगतात की सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, आणि तो नंदी चिकोडी तालुक्यातल्या यडूरला आहे. देऊळ महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात! तिनं दोन्ही एकाच दिवशी दाखवावीत. राज्याची हद्द ओलांडायची म्हणून परवानगीला वेळ लागेल, पण ते करावं.

आता कामाच्या गोष्टी. भाताची सुगी आटोपली की जा, डिसेंबर बरा. त्याआधी एका रविवारी तू एकटा हलशीला जाऊन ये. मुलींसाठी संडास कुठं आहे, दाराला कडी आहे का, पाणी आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नसेल तर देवळाजवळच्या एखाद्या घराशी आधी बोलून ठेव. सातवीच्या मुली याच एका कारणानं सहलीला येत नाहीत आणि तोंडानं सांगत नाहीत. जमलं तर एखादी आई बरोबर घे.

पोचल्यावर पहिला अर्धा तास मुलांना मोकळं सोड. नवी जागा बघून ती पळणारच, हुंदडणारच; त्या वेळेत शिकवायला गेलास तर एक अक्षर आत जाणार नाही. मग बसव. फलकावरची माहिती वहीत उतरवून घ्यायला लावू नकोस, ती आपली जुनी खोड आहे आणि त्यात मुलांचा सगळा वेळ फलकासमोर जातो. प्रत्येकानं एकच वस्तू निवडावी, एखादा खांब, एखादी मूर्ती, उंबऱ्यावरची नक्षी, आणि तिच्यासमोर बसून ती काढावी. चित्र वेडंवाकडं येऊ दे. तास लागला तर लागू दे. दगडावर खडूनं, खिळ्यानं नाव लिहिलं जाणार नाही याची मात्र कडक ताकीद दे. कुणी आधी कोरून ठेवलेलं नाव दिसलं तर ते मुलांना मुद्दाम दाखव आणि विचार, हे बघून कसं वाटतं.

परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध नको. सातवीच्या मुलांनी आपापली चित्रं घेऊन पाचवीच्या वर्गात जावं आणि आपण काय बघितलं ते सांगावं. लहान मुलं नको तितके प्रश्न विचारतात. उत्तर आलं नाही की मोठी मुलं तुझ्याकडे पुस्तक मागायला येतील, तेव्हा द्यायला दोन पुस्तकं कपाटात आणून ठेव.

बीईओ (तालुका शिक्षणाधिकारी) ऑफिसचा परवानगीचा अर्ज याच आठवड्यात टाक, दोन्ही शाळांचा एकत्र. पालकांची संमतीपत्रं मराठी आणि कन्नड दोन्हीत काढ. खानापूर डेपोत बसची चौकशी आत्ताच कर, डिसेंबरात सगळ्याच शाळा मागतात. तारीख ठरली की मला कळव. गुडघे साथ देतात तोवर मीही येईन.

तुझ्या,
बाई