अहिफेनापासून अफू की अफूपासून अहिफेन?

'अफू हा संस्कृत अहिफेन शब्दाचा अपभ्रंश ना?' असा प्रश्न आला आहे. व्युत्पत्ती दिसते मोठी छान: अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस, आणि पदार्थ तर विषारीच. पण गंगा उलटी वाहिली आहे.

मूळ शब्द ग्रीक. 'ओपोस' म्हणजे झाडाचा चीक, त्यावरून 'ओपिऑन' म्हणजे खसखशीच्या बोंडाचा चीक. अरबीत 'प' नाही, म्हणून तिथे 'अफ्यून' झालं, आणि तेच फारसीच्या वाटेने येऊन आपलं अफीण, अफू. हा परका शब्द कानी पडल्यावर आपल्या पंडितांनी त्याला संस्कृत अंगरखा चढवला तो अहिफेन. चरक-सुश्रुतांकडे अफूचा पत्ता नाही. ती ठळकपणे भेटते शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथात, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास.

तिथली ओळ मात्र वाचण्यासारखी आहे. 'व्यवायी' द्रव्य कोणतं? 'पूर्वं व्याप्याखिलं कायं ततः पाकं च गच्छति', आधी सगळं अंग व्यापतं आणि मग पचतं. उदाहरणं दोन: भांग आणि 'फेनं चाहिसमुद्भवम्', सापापासून उपजलेला फेस! नाव अगदी शब्दशः घेतलंय. यावरून 'आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं' म्हणू नये, पण निरीक्षण पक्कं आहे.

अफूतलं मुख्य द्रव्य मॉर्फिन. जर्मन औषधविक्रेता झेर्ट्युर्नर याने ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळं काढलं आणि मॉर्फियस या ग्रीक स्वप्नदेवाचं नाव दिलं. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना (रिसेप्टर) ते चिकटतं, म्हणून वेदना बोथट होते, गुंगी येते, श्वास मंदावतो. हे ग्राही प्रयोगशाळेत सापडले 1973 मध्ये. तसलेच ग्राही आतड्यातही असतात. अतिसारावर अफू चालायची ती त्यामुळेच, आणि अफिणबाजाचं पोट कायम धरलेलं असायचं तेही त्यामुळेच.

आता मार्क्सच्या नावावर सांगितली जाणारी 'धर्म ही अफूची गोळी'. मार्क्सने 1844 साली छापलेल्या लेखात धर्माला 'लोकांची अफू' म्हटलं. गोळी त्यात नाही, ती मराठीने घातली. माझ्या मते आपल्याकडे अफू गोळीच्या रूपातच घरोघर माहीत होती, म्हणून. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देत. तीत अफू असे. आई पाळीवरून येईपर्यंत मूल निजून राही. मात्रा जरा जास्त झाली तर श्वासच थांबण्याचा धोका. तेव्हा भाषणात 'अफूची गोळी' म्हणायला हरकत नाही, फक्त ती मार्क्सच्या नावावर अवतरणचिन्हांत टाकू नका.