अहवाल सोमवारी दे

सोलापूर, शनिवार रात्र

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दुपारीच आला होता. तो एवढा लांब की पंख्याखाली बसून, चष्मा बदलून वाचावा लागला. शाळेत आता सगळे तुला मॅडम म्हणत असतील, मी मात्र 'अगं'च म्हणणार. सवय आहे.

तर नववीतल्या एका पोरानं क्लार्कबाईंच्या लॉगिननं गुणांची फाईल उघडली आणि मित्राच्या चित्रकलेच्या 'ब'चा 'अ' केला. तुला हे कळलं, कारण त्या मित्रानंच मधल्या सुट्टीत फुशारकी मारली. (गणित सोडून चित्रकला! मला हसू आलं, तुला आलं नसणार.) मुख्याध्यापकांना सोमवारी लेखी अहवाल हवाय. तुझ्या मसुद्यात तीन गोष्टी आहेत: वर्षभर संगणक कक्षात प्रवेशबंदी, पालकांना बोलावणं आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी. सही करायच्या आधी मला विचारलंस, हे बरं केलंस.

प्रार्थनेतली माफी आत्ताच खोडून टाक. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणेल की तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा, हा तर नववीत आहे. त्यांना विचार, मग पोराच्या वाढदिवसाला आपल्याला छळायची मुभा मिळते का?

बंदीचं सांगायच्या आधी एक विचारतो. नक्की काय घडलं ते तुला माहीत आहे, की तू ऐकलंयस? एका मशीनवर तिघं बसतात. मशीनच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, नाव येणार बाईंचं, पोराचं नाही. मशीन फार तर सांगेल की अमुक वाजता अमुक लॉगिननं फाईल बदलली. त्या वेळी खुर्चीवर कोण होतं, ते तुझ्या बैठकीच्या रजिस्टरवरून कळणार. तू रजिस्टर ठेवतेस ना? नसशील ठेवत तर अहवालात तसंही लिहावं लागेल. उद्या रविवारी जमलं तर शाळेत जा, फाईल बदलल्याची वेळ पाहा, स्क्रीनचा फोटो काढून ठेव आणि बाईंचा पासवर्ड त्यांच्याच हातून बदलून घे. मगच पोराशी बोल, आणि एकट्याशी बोल. "तू केलंस ना?" असं विचारू नकोस. "काय केलंस ते मला करून दाखव," म्हण. पोरं बोलताना खोटं बोलतात, पण कीबोर्डवर बसली की त्यांना राहवत नाही.

हे एवढं बजावून सांगतोय त्याला कारण आहे. तुला कधी सांगितलं नाही, तुमच्या बॅचच्या आधीची गोष्ट. विंडोज एक्सपीचा जमाना, बारा मशीन, त्यातली नऊ चालू. एका सोमवारी कक्ष उघडला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. मुलांचे प्रकल्प, माझ्या प्रश्नपत्रिका, सगळं गेल्यासारखं. आदल्या आठवड्यात एक मुलगा पेनड्राइव्हवर गाड्यांचा गेम घेऊन आलेला मी पाहिला होता. झालं, मी त्यालाच धरलं. पेनड्राइव्ह जप्त केला आणि वर्षभर बंदी घातली. बाकीची आत असायची तेव्हा तो बाहेर व्हरांड्यात बसायचा, सगळ्यांच्या काढलेल्या चपलांजवळ.

दोनेक महिन्यांनी ऑफिसातून एक पेनड्राइव्ह आला. त्याच्यावर परीक्षेचे फॉर्म घालून कुणीतरी कॅफेतून प्रिंट काढून आणायचं. मी तो माझ्या मशीनला लावला आणि डोळ्यांदेखत फोल्डरांचे शॉर्टकट झाले. तोच व्हायरस. आधीही तो त्याच वाटेनं आला असणार. मी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि ऑफिसला परत दिला. मुलाला काही सांगितलं नाही. म्हटलं गॅदरिंग होऊ दे, मग सांगू. मग सराव परीक्षा आली. तो दहावी होऊन गेला. त्याचा पेनड्राइव्ह अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तुझ्या प्रकरणात पोरानं केलंय हे जवळपास नक्की दिसतं, मान्य. पण वर्षभराची बंदी म्हणजे काय याचा हिशेब कर. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला कक्षातली बंदी म्हणजे सुट्टी. तुझा हा पोरगा राहतो कुठं, वडील काय करतात? तू लिहिलंयस, कापड विणायच्या मागावर. मग घरी कॉम्प्युटर नाही हे धरून चाल. मोबाईल असेल, तोही वडिलांबरोबर पाळीला जात असेल. आठवड्याचे दोन तास काढून घेतलेस की त्याच्यापुरता संगणक हा विषयच संपला. चूक चित्रकलेच्या एका श्रेणीची, आणि शिक्षा ही!

पालकांचं. बोलाव, जरूर बोलाव, पण अकराला बोलावू नकोस. आई विड्या वळत असेल तर अकराला येणं म्हणजे तिच्या दिवसाच्या हजार विड्यांत खोट. वडिलांची पाळी विचारून वेळ ठरव. आणि घरची भाषा आधी माहीत करून घे. साखर पेठेतल्या एका मुलाची तक्रार मी त्याच्या आईला दहा मिनिटं सांगितली होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं, मला तेलुगू शून्य, तेव्हा दुभाष्या कोण? आरोपीच! माझी दहा मिनिटं त्यानं दोन वाक्यांत उरकली. आई हसली, मला हात जोडले आणि खूश होऊन गेली. पुढं कधी तरी कळलं, त्यानं सांगितलं होतं की सर म्हणतात मी कॉम्प्युटरमध्ये लई हुशार आहे.

वडील आले तर बहुतेक म्हणतील, "मारा की मॅडम, आमचं काय म्हणणं नाही." हे ऐकून सुटल्यासारखं वाटू देऊ नकोस, कारण त्यांना अजून काहीच कळलेलं नसतं. लॉगिन, फाईल, अ‍ॅक्सेस असल्या शब्दांनी कळणारही नाही. मी एकदा एका चादरवाल्या कारागिराला विचारलं होतं, "तुमच्या शेजारच्या मागावर कुणी रात्री येऊन जकार्डचे, डिझाईन ठरवणारे, पुठ्ठे मागंपुढं केले तर?" त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता. अख्ख्या चादरीचं डिझाईन बिघडतं, आणि मालक बोल लावतो तो मागावरच्या माणसाला. त्यानं पोराकडं वळून एवढंच विचारलं, "दुसऱ्याच्या मागाला हात लावलास बे?" पोरगा रडला. माझ्या साऱ्या भाषणानं तो रडला नव्हता.

ही उपमा मी काही बुद्धीनं काढली नव्हती, पण ती नुसती उपमाही नाही. जकार्ड नावाच्या माणसानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आणला, आणि भोक म्हणजे हो, भोक नाही म्हणजे नाही, हीच कल्पना पुढं संगणकाच्या पंच कार्डांपर्यंत गेली. वर्गात कधी एक जुना पुठ्ठा नेऊन दाखव. आपल्या गावात मागितलास तर मिळेल.

आता बाईंचं. त्यांचा पासवर्ड पोराला मिळाला कसा? मेसेजमध्ये तू त्यावर एक ओळही लिहिली नाहीस. माझा अंदाज आहे की तो कीबोर्डखाली चिकटवलेला असेल, किंवा शाळेच्या नावापुढं १२३ असेल, किंवा बाईंनीच घाईत कुणाला तरी "अरे जरा लॉगिन करून दे" म्हणून सांगितला असेल. मुलांच्या नियमांच्या पाटीवर लिहायचं पासवर्ड कुणाला सांगू नये, आणि स्टाफचा एकच पासवर्ड सहा जणांना पाठ! आपल्या जुन्या कक्षातली पाटी आठवते? पहिला नियम 'चपला बाहेर काढाव्यात', दुसरा 'परवानगीशिवाय संगणकास हात लावू नये'. तुमच्यातल्या निम्म्यांना वाटायचं की व्हायरस चपलांना चिकटून येतो. धूळ आत येऊ नये म्हणून तो नियम होता, आणि इथल्या उन्हाळ्यात धुळीनं पंखे जाम होऊन मशीन बंद पडायची, पण हे मी पाटीवर कुठं लिहिलं होतं? नियमाच्या पुढं त्याचं कारण एका ओळीत लिही. ज्या नियमाचं कारण तुला लिहिता येणार नाही तो काढून टाक, खूप नियम कमी होतील.

पासवर्ड चोरायची खोड आपल्याच पोरांना लागली असं समजू नकोस. १९६२ साली अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात एकच मोठा संगणक बरेच जण वाटून वापरायचे, प्रत्येकाला ठरलेला वेळ. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. त्यानं पंच कार्डवर विनंती टाकून सगळ्यांच्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली आणि दुसऱ्यांचा वेळ वापरला. कबूल केलं पुष्कळ वर्षांनी. पुढं साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्याच सिएटलच्या लेकसाईड शाळेतली काही मुलं एका कंपनीच्या संगणकावर असंच करताना पकडली गेली. प्रणालीतली खोट शोधून फुकट वेळ मिळवत होती. कंपनीनं त्यांना उन्हाळाभर बंदी घातली. बंदी संपल्यावर मात्र त्याच पोरांना असे दोष शोधायच्या कामाला लावलं, बदल्यात संगणकाचा वेळ दिला. त्यात पुढं मायक्रोसॉफ्ट काढणारे बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन होते.

ही दुसरी गोष्ट वर्गात सांगू नकोस. लगेच दहा जण गेट्स व्हायला निघतील. सांगायचीच असेल तर रॉबर्ट मॉरिसची सांग. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी, १९८८. त्यानं नेटवर्कवर आपोआप पसरणारा एक प्रोग्राम सोडला, कुणाचं काही पुसायचा त्याचा इरादा नव्हता, पण तो इतक्या वेगानं पसरला की हजारो मशीन ठप्प झाली. कोर्टानं त्याला तीन वर्षं देखरेखीखाली ठेवलं, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. तो नंतर एमआयटीत प्राध्यापक झाला, हे सांगायचं की नाही ते तूच ठरव.

मग तुझ्या पोराचं काय करायचं? मी असतो तर आधी त्याला बाईंकडं पाठवला असता. त्यानं तुझं काही बिघडवलं नाही, मुख्याध्यापकांचंही नाही. फाईल बदलल्याचा ठपका कुणावर आला असता? बाईंवर. त्यांच्यासमोर बसून, तू आणि तो एवढेच असताना, त्यानं काय केलं ते सांगावं आणि श्रेणी परत 'ब' करून घ्यावी. बाई रागावतील, रागावू दे. मग महिनाभर तो कक्षात येईल पण तुझ्या शेजारच्या मशीनवर बसेल, इंटरनेट बंद. तासानंतर ब्रशनं कीबोर्ड साफ करेल. आणि आपल्या कक्षात कुठं कुठं कुलूप सैल आहे ते वहीत लिहून तुला देईल. वहीतच, फळ्यावर नाही. मात्र त्याला 'लॅब मॉनिटर' करू नकोस. ही चूक मी केली आहे. पकडला गेला की पद मिळतं, असं बाकीच्यांनी त्यातून शिकून घेतलं. आणि तो 'अ' मिरवणारा मित्र, त्यालाही सोडू नकोस.

कायद्याची भीती घालावी का, असं तू विचारलंस. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. हे वर्गात शांतपणे शिकव, अभ्यास म्हणून. "तुला सायबरच्या पोलिसांकडं देईन" असं मात्र म्हणू नकोस. आपण देणार नसतो, आणि पोरांना ते कळतं.

पण एका बाबतीत हे माझं सगळं मऊ बोलणं बाजूला ठेव. कुणी एखाद्या मुलीचा फोटो काढला, बिघडवला, पसरवला, तर तिथं कीबोर्ड साफ करण्याची शिक्षा नाही. ते शाळेत मिटवायचं प्रकरणच नव्हे. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे. 'शाळेचं नाव जाईल' म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्या दिवशी अहवालाची वाट पाहू नकोस, सोमवारचीही नाही. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर तुझ्या कक्षाच्या दारावर आत्ताच लाव, म्हणजे तेव्हा शोधावा लागणार नाही.

मसुदा पुन्हा लिहिलास की उद्या मला फोनवर वाचून दाखव. संध्याकाळी सातनंतर कर, त्याआधी मी कंबर तलावाकडं फिरायला गेलेला असतो. आणि पासवर्ड कसा मिळाला ते पोरानं सांगितलं तर तेही सांग. कीबोर्डखाली नसेल तर मला ऐकायचंय.

तुझा
सर