सोसायटीत झाडं लावायच्या आधी कार्बन उत्सर्जन मोजायला हवं का? आणि ते मोजतात तरी कसं, धुराला मीटर लावून?

हवं, नक्की मोजा. पण मीटर वगैरे काही लागत नाही, बिलांची फाईल लागते.

मी कोल्हापूर भागातल्या फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांना, हा हिशोब करून देतो. किती इंधन जळलं, किती वीज वापरली हे बिलांवरून काढायचं आणि ठरलेल्या गुणांकाने गुणायचं. एक लिटर डिझेलमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. (लिटरभर डिझेलचं वजनच किलोच्या आत, मग एवढा वायू कुठून आला, असं बरेच जण विचारतात. जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो, ते वजन त्याचं.) ग्रिडमधून येणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो. हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं.

एका कारखान्याच्या मालकांना जनरेटरच्या धुराची फार काळजी होती. हिशोब केला. महिन्याला 400 लिटर डिझेल, म्हणजे जेमतेम एक टन. वीज मात्र दोन लाख युनिट, म्हणजे 140 टन! धूर डोळ्यांना दिसतो, विजेचा धूर औष्णिक केंद्रावर निघतो, म्हणून अंदाज चुकतो. मग आम्ही विजेवर चालणाऱ्या भट्टीपाशीच उभे राहिलो. झाकण उघडं राहायचं, साचे तयार नसल्याने वितळलेला रस तसाच गरम ठेवावा लागायचा, स्क्रॅपबरोबर गंज आणि वाळू आत जायची. सगळी वीज तिथे वाया जात होती. मोल्डिंगचं वेळापत्रक भट्टीशी जुळवलं, झाकणाची शिस्त लावली, आणि टनभर मालामागे लागणारी युनिटं उतरली.

टनभर मालामागची, हे महत्त्वाचं. ऑर्डर घटल्या तरी एकूण उत्सर्जन कमी दिसतं आणि ग्रिडचा गुणांक बदलला की तुम्ही काही न करताही आकडा हलतो. म्हणून नुसता एकूण आकडा दाखवून कुणी सुधारणा झाल्याचं सांगितलं, तर मी आधी टनभर मालामागची युनिटं विचारतो.

शहरांचा हिशोब याच पद्धतीने होतो. मुंबईच्या 2022 च्या हवामान कृती आराखड्यात 2019 चं उत्सर्जन सुमारे 2.34 कोटी टन निघालं. त्यात 70 टक्क्यांहून जास्त वाटा इमारतींमधल्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा. वाहतुकीचा साधारण 20 टक्के. रस्त्यावरच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला हे प्रमाण उलटंच वाटलं असतं. कचऱ्याचा वाटा त्याहून लहान, पण तिथून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट धरतात. त्याचं बिल येत नाही, म्हणून त्या आकड्यात अंदाजाचा भाग मोठा असतो.

तुमच्या सोसायटीत कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं काढा, जनरेटरचं डिझेल लिहा, ओला कचरा आठवडाभर वजन करून बघा. पाण्याच्या पंपाला वेगळा सबमीटर बसवता आला तर फार बरं. झाडं जरूर लावा, पण पंप रोज किती तास चालतो ते आधी बघा.