दोन कुत्री घेऊन गाडीने बंगळूरला मुलाकडे जावं, की त्यांना बोर्डिंगमध्ये ठेवून जावं?

तुम्ही पुण्याचे, दोघंही साठीच्या पुढचे, मुलगा बंगळूरला, आणि तो म्हणतो की कुत्र्यांना तिकडेच बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्यांकडे, ठेवून या. अगदी हेच आमच्या चिरंजीवांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहितेय. कुत्र्यांना घेऊन जा. गाडीनेच जा, आणि एका दिवसात पोचायचा हट्ट धरू नका.

आमचा ब्रुनो लॅब्रॅडॉर. आणला कोणी? चिरंजीवांनी. इंजिनिअरिंगला असताना मित्राकडून पिल्लू उचलून आणलं. ‘आई, तुला काही करावं लागणार नाही, सगळं मी बघीन.’ पुढे नोकरी लागली, बंगळूरला गेला, बॅगा नेल्या, गिटार नेली, ब्रुनो राहिला. शी-शू, अंघोळ, लसी, दिवाळीत फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरला की त्याला बाहेर काढणं, सगळं आम्हा दोघांकडे. चिंगी नंतरची. ती गल्लीतलीच, एका पावसाळ्यात जिन्याखाली येऊन बसली ती बसलीच. आणि ज्याचं कुत्रं त्यानेच फोनवर सांगायचं, ‘मी विमानाची तिकिटं काढतो, त्यांना कुठेतरी ठेवा.’ कुठेतरी!

ठेवून बघितलं होतं, भाचीच्या लग्नाच्या वेळी. परत आणला तर कानाच्या घडीत गोचिडांचे घोस. आठवड्याभरात ताप, खाणं बंद, प्लेटलेट उतरलेल्या. डॉक्टरांच्या टेबलावर सलाइन लावलेला ब्रुनो आणि त्याचं डोकं धरून उभी मी. तेव्हापासून आमच्या घरात बोर्डिंगचं नाव काढायचं नाही.

आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे खंबाटकी घाटाची वळणं आमच्या वाटेत येत नाहीत. तुम्हाला सुरुवातीलाच लागतील. ब्रुनोला गाडी लागते. आधी जिभल्या चाटतो, मग जांभया देतो, मग खाली लाळेची तार सुटते. तार दिसली की गाडी बाजूला घ्यायची, पुढचा पंप येऊ दे वगैरे म्हणायचं नाही. निघायच्या आधी तीन-चार तास खायला काही नाही, पाणी मात्र थोडं थोडं द्यायचं. उलटीची गोळी कुत्र्याचं वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या, आपल्या डब्यातली माणसांची देऊ नका. चिंगीला काहीही होत नाही, खिडकीतून ट्रक मोजत बसते.

पाय मोकळे करायला ढाबा नको. प्रत्येक ढाब्याची आपली चार-पाच कुत्री असतात आणि त्यांना पाहुणे आवडत नाहीत. सर्व्हिस रोडवरून एखाद्या शेताच्या वाटेला लागायचं, दार उघडायच्या आधी पट्टा हातात घ्यायचा आणि मगच उतरवायचं. निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात अशा जागा भरपूर.

आमच्या ह्यांचा हिशेब असा, की पहाटे चारला निघालं की संध्याकाळी बंगळूर. पुण्याहून ८४० किलोमीटरच्या आसपास भरतं, तुमचे हेही असाच हिशेब मांडणार. ऐकू नका. रात्री उतरायचं आम्ही हुबळीला ठरवलं होतं. हॉटेलवाल्याला फोनवर विचारलं, कुत्री चालतात का? चालतात म्हणाला. धारवाड ते हुबळी बायपास तेव्हा दोनच पदरी, पुढेमागे सगळा रस्ता चौपदरी आणि मधे हा बोळ, समोरून ट्रकांचे दिवे. ह्यांनी स्टिअरिंग धरलेलं, मी देवाचं नाव. तसे दमून पोचलो, तर काउंटरवरच्या पोराने ब्रुनोला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, आम्हाला वाटलं छोटं असेल.’ मॅनेजर आला. त्याने मोठ्या मनाने तोडगा काढला, कुत्र्यांना गाडीत झोपवा. मी म्हटलं, तुम्ही झोपा गाडीत.

मग मी गाडी घेतली आणि हावेरी गाठली. तिथे एका साध्या लॉजच्या मालकाने कुत्र्यांकडे पाहून एकच विचारलं, भात किती लागेल? तळमजल्याची खोली दिली, दहीभाताचं पातेलं पाठवलं, वर पैसे घ्यायला तयार नाही. तेव्हापासून मी हॉटेलला कुत्र्यांचा फोटो, सोबत वजन लिहून पाठवते आणि ‘चालेल’ हे व्हॉट्सॲपवर लिहून घेते. तुम्हीही तेच करा.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता सोपा. दावणगेरे, चित्रदुर्ग, शिरा, तुमकूर. खरा कंटाळा नेलमंगलापासून पुढे, शहरात शिरताना.

आणि खरं भांडण त्याच्याही पुढे, चिरंजीवांच्या सोसायटीत. फ्लॅट अकराव्या मजल्यावर आणि लिफ्टच्या दारावर पाटी, कुत्र्यांना मनाई. हा मला हळूच म्हणतो, ‘आई, जिन्याने नेऊया का? मला इथे राहायचंय.’ लॅब्रॅडॉर, तोही म्हातारा, अकरा मजले! भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना आहेत, सोसायटीला कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. मी ते मोबाइलवर काढून सेक्रेटरींना दाखवलं. गृहस्थ कुरकुरले, पण पाटी गेली. सूनबाई पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूने होती, हे इथे नोंदवून ठेवते.

चिरंजीवांचं म्हणणं असं, की प्रश्न कुत्र्यांचा नव्हताच, तुमच्या वयात एवढं ड्रायव्हिंग नको असं म्हणायचं होतं. मग तसं म्हणायचं! मुलं आपल्या वयाचा विषय थेट काढत नाहीत, कुत्र्यांच्या आडून काढतात. तुमच्या मुलालाही एकदा सरळ विचारा, त्याला भीती कशाची वाटते. रात्री गाडी चालवणार नाही असा शब्द दिला की निम्मा विरोध मावळतो. आमच्याकडे मावळला.

आता राहिलेलं. तुमची कुत्री पग, शित्झू, बुलडॉग अशी चपट्या नाकाची असतील तर उन्हाळ्यात मी सांगितलेलं सगळं विसरा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं आणि या जातींना तेवढंही धड जमत नाही. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत. चहा प्यायलासुद्धा बंद गाडीत एकटं ठेवायचं नाही. मागच्या सीटवर हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, सीटबेल्टला अडकवून बसवा. रेबीजच्या लसीचं कार्ड हाताशी ठेवा. कुत्रं हृदयाचं दुखणेकरी असेल तर आधी डॉक्टर. आणि हो, सगळीच बोर्डिंगं वाईट नसतात, ओळखीत चांगलं असेल तर तुम्ही जाणा.

रेल्वेने नेऊ म्हणाल, तर तेही सांगते. फर्स्ट एसीत आख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) किंवा केबिन (चार बर्थची) तुमच्या नावावर मिळाली तरच कुत्रं सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. दोघांना त्या पेटीत घालायची माझी तयारी नाही.

विमानाची तिकिटं काढून देतो असं तुमचा मुलगाही म्हणत असेल, तर तेच पैसे डिझेलला द्यायला सांगा. आमचा देतो आता.