रूममेट रात्री दोनपर्यंत हेडफोन न लावता गेम खेळतो. बाह्यता (म्हणजे एकाच्या वागण्याचा दुसऱ्याला बसणारा फटका), वाटाघाटी वगैरे अर्थशास्त्र अशा भांडणात चालतं का? पैसे कोणी कोणाला द्यायचे?

चालतं. पैसे मात्र कोणीच कोणाला द्यायचे नाहीत. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर दरपत्रक लागलं होतं.

कर्वेनगरला तिघे राहायचो. मी वेंगुर्ल्याचा, दुसरा लातूरकडचा, माळकरी घरातला, दोघेही एमए इकॉनॉमिक्सला. तिसरा इंजिनिअर होता आणि त्याला आमच्या भांडणात काडीचा रस नव्हता. घरून माझ्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी यायची. ते भाजायला घेतले की वास पडद्यांत, चादरींत आणि ह्या लातूरकडच्या मित्राच्या इस्त्री करून टांगलेल्या शर्टात जाऊन बसायचा. भाडेकरारात नॉनव्हेजबद्दल अवाक्षर नव्हतं, त्यामुळे हक्क कोणाचा हा प्रश्न मोकळाच होता. माझं म्हणणं साधं होतं: मी आधीपासून राहतोय, बोंबील तुझ्या आधी आलेत.

यावर त्याने थेट लंडनचा खटला काढला. स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन, १८७९. विगमोर स्ट्रीटवर एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं खलबत्ते चालू होते. शेजारी डॉक्टर राहायला आला, काही वर्षांनी त्याने बागेच्या टोकाला, बरोबर त्या स्वयंपाकघराला लागून, पेशंट तपासायची खोली बांधली आणि मग आवाजाचा त्रास होतो म्हणून कोर्टात गेला. जिंकलाही. "आधी आलास म्हणून हक्क मिळत नसतो," असं म्हणत मित्राने, त्रास देणाऱ्यावर कर लावा म्हणणाऱ्या पिगू या अर्थतज्ज्ञाच्या नावाने फ्रिजवर कागद चिकटवला. दर वेळी पन्नास रुपये, चहाच्या रिकाम्या डब्यात.

अर्धवट वाचून वाद घालणाऱ्यांची मला चीड आहे. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोसने १९६० च्या त्या गाजलेल्या लेखात हाच खटला घेतला, पण मिठाईवाल्याला दोषी ठरवायला नव्हे. त्रास व्हायला दोघं लागतात, हे त्याला दाखवायचं होतं. खलबत्ता नसता तर त्रास नव्हता, आणि ती खोली तिथे बांधली नसती तरी नव्हता. एकाला वाचवायचं म्हणजे दुसऱ्याला बुडवायचं. कोर्टाच्या निकालाने ठरतं ते एवढंच, की खिशात हात कोणी घालायचा. बोलणी करायला काही खर्च येत नसेल, तर खलबत्ता चालणार की थांबणार हे त्याची जास्त किंमत कोणाला आहे त्यावर ठरतं, निकाल कुठल्याही बाजूने लागो. १९९१ ला नोबेल मिळालं त्याला, आणि आमचा मित्र निकालाच्या ओळीवरच थांबलेला.

बरं, पन्नास रुपये मी भरले, आनंदाने भरले. त्याआधी मी तो आंघोळ करून बाहेर पडेपर्यंत थांबायचो, खिडक्या उघडायचो, शर्ट आत नेऊन ठेवायचो. दर लागल्यावर कशाला थांबू? रात्री आठला, तो जेवायला बसलेला असताना तवा चढवायचो. इस्रायलमधल्या हैफातल्या पाळणाघरांत हेच झालं होतं. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढून टाकला तरी पूर्वीवर आला नाही. नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांचा २००० सालचा अभ्यास आहे. दंड भरला की लाज भरून पावते.

पुढे तर निव्वळ तमाशा. सुकटीच्या चटणीला पूर्ण दर की अर्धा? तो गावाला गेलेला असताना भाजले तर? मग मी त्याच्या फोनवर दर लावला, कारण तो रोज रात्री भावाशी स्पीकरवर सोयाबीनचा भाव बोलायचा. हिशोबाच्या बैठका बोंबील भाजण्यापेक्षा जास्त वेळ चालायच्या. शेवटी इंजिनिअरने डबा रिकामा केला आणि एकटाच जाऊन मिसळ खाऊन आला.

त्यानंतर कोणी कागद लावला नाही. रविवारी सकाळी तो टेकडीवर जायला लागला, मी तेवढ्यात भाजून खिडक्या उघडून मोकळा. त्याचा फोन गच्चीवर गेला. कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत कायद्याचा प्राध्यापक रॉबर्ट एलिक्सन कोसचं म्हणणं जमिनीवर कसं दिसतं ते पाहायला गेला होता. एकाची गुरं दुसऱ्याच्या रानात शिरतात, तिथले शेजारी काय करतात? कायदा बघत नाहीत. बऱ्याच जणांना तो नीट माहीतही नव्हता. या वेळी तुझी गुरं आली, त्या वेळी तू माझं कुंपण बांधू लागलास, असा मनातल्या मनात हिशोब चालतो. शेजाऱ्याने नुकसानीचे रोख पैसे पुढे केले तर ते तिथे वाईट दिसतं. म्हणजे वाटाघाटी असतातच, नोटा नसतात.

तेव्हा तुमच्या गेमवाल्याला आधी विचारा की तुमचं काय त्याला खुपतं. काहीतरी निघेलच, सकाळचा अलार्म, ओला टॉवेल, काहीही. त्याच्या बदल्यात हेडफोन मागा. किंवा सरळ तुम्हीच घेऊन द्या, सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे. रोख पाचशे हातात ठेवलेत तर तो पुढच्या महिन्यात सहाशे मागेल.

हे सगळं बरोबरीच्या दोघांत चालतं, हे सांगायचं राहिलं. फ्लॅट त्याच्या नावावर असेल किंवा तुम्ही त्याचे पैसे देणं लागत असाल, तर बोलणी कसली, हांजी हांजीच होणार. आणि तो मुद्दाम आवाज वाढवत असेल तर खोली बदला.

आमचा मित्र आजही ग्रुपवर लिहितो की त्याच्या पन्नास रुपयांनी बोंबील बंद झाले. बंद झाले नव्हते, रविवारी गेले होते. आणि "काल काही भाजलं नाहीस वाटतं" असं तो सोमवारी म्हणायचा, तेव्हा मी आणि इंजिनिअर दोघेही हो म्हणायचो.